निमजेबाईंचा साबण

कुणीही नवी साडी नेसून आलं की निमजेबाई पदराचं टोक ओल्या बोटांनी चोळून बघायच्या. माझ्या लग्नात, चार पाहुण्यांसमोर, शालूलाही त्यांनी सोडलं नाही. "कांजीची खळ लावलेलं लुगडं दुकानात सारंच दाट दिसते वं," म्हणाल्या, "धुवून पाहा, मंग समजते." विणकराच्या घरातली बाई. एमएस्सी झाली, शहराबाहेर वाडीच्या पुढे आमच्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात तपासणीची प्रमुख झाली, पण ही खोड काही गेली नाही.

आम्ही आकडीवरच्या गोळ्या करायचो. औषध पाण्यात विरघळायला महाहट्टी. म्हणून गोळी वेळेत विरघळते का हे तपासताना कोमट पाण्यात साबणासारखी थोडी पूड टाकायची. पोटात पित्त जे काम करतं, ते भांड्यात ती करते. आम्ही तिला सरळ साबणच म्हणायचो. तो किती टाकायचा हे बाईंनी ठरवलेलं, आणि त्यात कुणाचं काही चालत नसे.

एकदा ट्रकमध्ये गोळ्यांचा चुरा होतो अशी ओरड आली. उत्पादन बघणाऱ्या राजूरकरांनी यंत्राचा दाब वाढवला. गोळ्या फुटेनात हे खरं, पण आमच्या भांड्यात विरघळेनातही. माल तयार, ट्रक दारात.

"बाई, साबण जरा वाढवा ना. औषध तर आत पूर्ण आहे," राजूरकर म्हणाले.

"आत असून काय कामाचं? पेशंटच्या पोटात साबण कोन वाढवून राहिलं?"

मग शेठजी आले. सही करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं तोंडावर सांगितलं. मी तेव्हा बाईंच्या हाताखाली होते, शेजारीच उभी. बाईंनी शांतपणे जुन्या चांगल्या गोळ्या आणि या नव्या, दोन्ही आधी भरपूर साबणात तपासल्या. दोन्ही पास. मग नेहमीच्या साबणात तपासल्या. जुन्या पास, नव्या नापास.

"पाहा शेठजी. साबण वाढवला की चांगली नि वाईट एकच दिसते. ही तपासणी नाही, खळ आहे. तुमच्या घरच्या माणसाले आकडी आली, तर यातली कोनती द्यान?"

शेठजींनी ट्रक रिकामाच परत पाठवला. सगळा माल परत दळायला गेला, आणि बाई आपल्या खुर्चीवर निवृत्तीपर्यंत बसल्या.

पुढे त्यांच्याच मेंदूला दुखणं लागलं, आकड्या येऊ लागल्या. रामदासपेठेतल्या इस्पितळात मी भेटायला गेले, तेव्हा नर्सनं त्यांच्या हातावर आमचीच गोळी ठेवली. बाईंची खुर्ची आता माझ्याकडे होती. त्यांनी गोळी निरखून पाहिली, मग मला.

"कोनं तपासली वं?"

"मी."

"साबण?"

"तुम्ही ठरवला तेवढाच."

"मंग आन पानी," म्हणाल्या, आणि निर्धास्त गिळली.