स्वतःच्या घरीसुद्धा

नियम मालकांचा होता, पण त्याची भाषा माझी. "कामगाराने कारखान्यात, रस्त्यात, चहाच्या दुकानात किंवा स्वतःच्या घरीसुद्धा बीडी, सिगारेट अथवा कोणत्याही रूपातला तंबाखू वापरू नये." तमिळमधलं हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा टाइप केलं होतं. मालक नुसतं 'कुठेही' म्हणाले होते. मीच म्हटलं, 'कुठेही'तून पळवाटा निघतात, घराचं स्पष्ट लिहिलेलं बरं. नको तिथे हुशारी दाखवायची माझी ही खोड जुनी आहे.

कुंभकोणमहून साक्कोट्टैकडे निघालं की डाव्या हाताला आमचा पितळी समयांचा कारखाना लागतो. 'आमचा' हे सवयीने म्हणतोय. मी तिथला मॅनेजर, म्हणजे मालकांच्या खोलीबाहेर बसून त्यांच्या मनात येईल ते कागदावर उतरवणारा माणूस. चाळीसेक कामगार. एकीकडे भट्टी, एकीकडे लेथ आणि अगदी मागे पॉलिशची खोली. त्या खोलीत दिवसभर कापडी चाकं गरगर फिरतात, त्यांवर समया घासून चकचकीत करतात, आणि जे काही घासून निघतं ते हवेत राहतं. खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा केव्हापासून बंद होता ते मलाही आठवत नाही. मी दोनदा आठवण केली होती. मालक म्हणाले, दिवाळीची गर्दी उरकली की पाहू.

मालक वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचं काम फार सोपं होईल. त्यांचे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. अर्धा जबडा काढला होता, आणि शेवटचे काही महिने मालक स्वतः त्यांना नळीतून पेज भरवत. हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज फुटायचा, आणि त्यात नाटक नव्हतं. वडिलांच्या नावाने त्यांनी एक मदतनिधी काढला. आमच्या भागाला सरकारी कामगार विमा लागू झाला नव्हता, तेव्हा कामगार किंवा त्याच्या घरचं कुणी आजारी पडलं तर सगळा उपचार मालकांकडून. अट एकच, त्या नियमाखाली सही करायची आणि तो पाळायचा. मोडला तर मदत बंद.

कामाच्या आठ तासांवर मालकाचा हक्क, उरलेल्या सोळांवर नाही, असं आज मी ठणकावून सांगेन. तेव्हा मला तसं काही वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. आपल्या कामगारांची फुप्फुसं वाचणार, त्यात आपलाही हात आहे, अशा थाटात मी फिरत होतो. मी स्वतः तपकीर ओढतो. तपकीर म्हणजे तंबाखूच, पण ऑफिसातल्या माणसाकडून सही घ्यावी हे ना मालकांना सुचलं, ना मी सुचू दिलं.

त्या चाळिसांत माझ्याशी मराठीत बोलणारा एकच होता. पॉलिशच्या खोलीतला. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्याचे पूर्वज आणि माझे पूर्वज तंजावरच्या राज्याबरोबर इकडे आले, आणि पुढे माझे कारकून झाले, त्याचे कारागीर. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून तोंडावर हात धरून हसतात. आम्हाला मात्र दुपारच्या जेवणाला डबा उघडून चार वाक्यं आपल्या भाषेत बोलली की अन्न गोड लागायचं. तो मला अण्णा म्हणायचा. बीडी मात्र सपाटून ओढायचा, दिवसाला दोन बंडलं.

सही केल्यावर त्याने ती सोडली. खरोखर सोडली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण खात्री करून घ्यायचं काम माझ्याकडेच होतं. रविवारी सकाळी मी कामगारांच्या घरी जाऊन पाहून यायचो. काय पाहायचो? उंबऱ्याशी बीडीची थोटकं आहेत का, कपड्यांना वास येतोय का, बायको बोलताना नवऱ्याकडे बघते का. लाज वाटायला हवी होती. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून भाजलेले शेंगदाणे एकामागून एक तोंडात टाकत होता.

त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, चूलही पाहून जावा. राखेत सांपडेल एखादी."

तो हसला. "अगे, गप बैस. त्यांस काय हौस आहे की?" मग मला म्हणाला, "अण्णा, झोंप येना मज. पण सोडलों. दोन मुली आहेत, उद्यां काय झालं तर मालकाची मदत पाहिजे."

म्हणजे त्याने फुप्फुसांसाठी नाही, मदतीसाठी सोडली होती. मी घरी येऊन वहीत त्याच्या नावापुढे 'समाधानकारक' असं लिहिलं. दीड वर्ष दर महिन्याला तेच लिहीत होतो.

मग माझी आई गेली. नव्वदीला टेकली होती, त्यामुळे लोक 'सोनं झालं' वगैरे म्हणून मोकळे झाले. माझा भाऊ परदेशात, मुलगा चेन्नईला, आणि गावात आमची मराठी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिरडी उचलायला घरातले म्हणावे असे तीनच पुरुष जमले. मी कारखान्यात फोन केला. तो पॉलिशच्या खोलीतून तसाच निघून आला. केसांत, भुवयांत पितळेची धूळ. दारातल्या नळावर हातपाय धुऊन त्याने काहीही न विचारता चौथा खांदा दिला. कावेरीच्या काठापर्यंत त्याने बाजू बदलू दिली नाही. वाटेत तो खोकत होता. मला वाटलं, उन्हाने.

आईला विड्याचं वेड होतं. वडील गेल्यावरही तिने विडा सोडला नाही, त्यावरून नातेवाईक काय काय बोलले, पण तिने कुणाला भीक घातली नाही. पान, सुपारी, चुना आणि चिमूटभर तंबाखू. आमच्या घराची एक रीत आहे. तेराव्या दिवशी, सुतक फिटलं की जेवणानंतर तबक फिरतं, आणि त्यात गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते ठेवतात. ज्यांनी खांदा दिला त्यांनी त्यातलं घ्यायचंच. नाही घेतलं तर गेलेलं माणूस तृप्त होत नाही, अशी समजूत. मी तबकात आईची तंबाखूची डबी उघडून ठेवली आणि स्वतःच्या हाताने विडे लावले.

तबक त्याच्यापुढे धरलं तेव्हा तो मागे सरला. "अण्णा, सही केलोंय मी."

मी म्हणालो, "आईचं आहे. घे. कोण पाहतो इथं?"

हे वाक्य मी म्हटलं. त्याने विडा घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. त्याच वेळी मी फोन काढून एक फोटो घेतला. मागे आईची हार घातलेली तसबीर, पुढे तबक, आजूबाजूला तिला खांदा दिलेली माणसं. मला भरून आलं होतं. मी तो फोटो माझ्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आईचं तेरावं पार पडलं.' लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मालकांनीही पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर मालकांनी आत बोलावलं. आधी आईची चौकशी केली, अगदी मनापासून. मग फोन पुढे केला. फोटो त्यांनी जवळ ठेवला होता आणि आता बोटांनी मोठा केला होता.

"हा आपला पॉलिशवालाच ना?"

"हो."

"तोंडात काय घालतोय?"

"विडा."

"आणि ही डबी? तंबाखूचीच दिसते. कुणाची?"

इथे मला एवढंच म्हणायचं होतं की माझ्या आईची, मीच ठेवली, मीच त्याला आग्रह केला, तो नको म्हणत होता. कितीशा शब्दांचं काम. पण मला निवृत्तीला तीन वर्षं होती, नियम मीच टाइप केला होता, आणि कामगाराच्या हातात तंबाखू देणाऱ्या मॅनेजरचं मालक काय करतील हे मला ठाऊक नव्हतं. मी भ्यालो. दुसरं कारण नाही, उगाच शोधत बसणार नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

माझं घर, माझी आई, माझ्या आईची डबी, आणि मला माहीत नाही. मालकांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हेच मला आठवलं की नकोसं होतं.

मदतीच्या यादीतून त्याचं नाव काढल्याची नोटीस मीच टाइप केली आणि मीच त्याला दिली. त्याने ती उभ्याउभ्या वाचली. मग माझ्याकडे पाहत राहिला. राग नव्हता, मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो. "सरी," तमिळमधलं 'बरं', एवढंच म्हणून त्याने सही केली आणि चाकावर परत गेला. विडा कुणी दिला हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कुणालाच नाही. दुपारचा डबा तो आतच खाऊ लागला. बीडी त्याने तरीही पुन्हा धरली नाही. का, ते मला कळलं नाही.

सात-आठ महिन्यांत तो जिना चढू शकेना. तंजावरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, काम काय करता? फुप्फुसांत धूळ बसली होती, वर्षानुवर्षांची. बीडीनेही हातभार लावला असेल, डॉक्टर म्हणाले, कशाने किती ते आता वेगळं करता येणार नाही. घरी प्राणवायूचं यंत्र लागणार होतं, औषधं लागणार होती, आणि ती वर्षभर तरी चालवावी लागणार होती. मिळाली तर माणूस काही वर्षं काढेल, नाही मिळाली तर सांगता येत नाही.

त्याची बायको माझ्याकडे आली. घरात आली नाही, पायरीवर उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, तुमची तमिळ चांगली. मालकाला एक अर्ज लिहून द्या." मी लिहून दिला. आयुष्यभर कारकुनी केली, पण इतका चांगला अर्ज माझ्या हातून कधी उतरला नव्हता. बावीस वर्षं चाकावर काढली, दोन वर्षांपूर्वी बीडी सोडली ती सोडलीच, एकदाच चूक झाली तीही एका वडीलधाऱ्या बाईच्या तेराव्याला, असं सगळं. ती वडीलधारी बाई कोण, ते मात्र गुळमुळीत ठेवलं. तिने खाली सही केली.

सोमवारी तोच अर्ज मी मालकांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. डोळे पुसले.

"छान लिहिलंय. कुणाकडून लिहून घेतला?"

"त्यांच्या गल्लीतलं कुणी असेल."

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "याला दिली तर बाकीचे काय समजतील? सही म्हणजे काहीच नाही? माझ्या वडिलांना असं कुणी बांधून घातलं असतं तर ते आज इथे बसले असते."

"डॉक्टर धुळीचं म्हणतात," मी पुटपुटलो.

"तोंडाला बांधायला मास्क दिले होते ना?"

दिले होते, कागदी, एकदा. मी मान डोलावली. त्या खोलीत त्या वेळी विड्याचं खरं सांगितलं असतं तर मालक विरघळले असते, इतकं मी त्यांना ओळखतो. मी बाहेर येऊन नकाराचं पत्र टाइप केलं. माझ्याच अर्जाला माझंच उत्तर, दोन्हींत एक चूक नाही.

पत्र टपालाने पाठवायला मन होईना, म्हणून संध्याकाळी स्वतः घेऊन गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, आडवं झालं की श्वास लागायचा. बायकोने पत्र वाचलं आणि चौघडी करून चटईखाली सारलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. माझ्या घरी विडा खाल्ला म्हणून हे झालं, एवढं तिला माहीत होतं.

तो दम घेत घेत म्हणाला, "अण्णा, एक पुसूं? विडा आईचा होता, तुम्हीच दिला, हे मालकाला सांगितला की?"

त्याने हे आधी कधीच विचारलं नव्हतं. दोन्ही मुली भिंतीशी अभ्यास करत होत्या, त्याही थांबल्या.

"सांगितलों," मी म्हणालो.

"सांगूनही नक्को म्हणाला?"

"सांगूनही."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण गेला, मी पाहिलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलीस? अण्णा सांगितला. तो मालकच तसा. उगाच अण्णावर राग धरलीस इतके दिवस."

पुढे दोन महिन्यांनी तो गेला. पण त्या संध्याकाळी त्याची बायको काही न बोलता उठली, डोळे पुसत आत गेली आणि माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. "रागावूं नका अण्णा," ती म्हणाली, "मज कळलं नाही." मी टंबलर हातात घेतला आणि तिच्यासमोर सगळी कॉफी प्यालो.