पाठीमागे न नेलेला हात

अन्याय झाला तो गिरगावच्या मुलीवर. डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, दोन घाटांच्या मधल्या पठारावर. वेळ नक्की आहे, कारण तिचा फोन सायकलचा वेग नोंदवत होता आणि त्या मिनिटाला तो शून्यावर आला. घाटाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुम्ही घाटाला दोष द्याल.

पत्रकं लिहिणं मला येतं. लालबागला आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीची सभा असो नाहीतर परळच्या फुटपाथवरच्या गाड्या, मजकूर माझ्याकडे येतो. कोणावर अन्याय झाला, कधी झाला, कोणी केला, आमची मागणी काय, या क्रमाने लिहायचं, असं मी शिकले. आजही तोच क्रम आहे. फक्त 'कोणी केला' इथे माझा हात अडतो आहे.

आम्ही चौघं होतो. काका माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले फिटर; आम्हाला घाट चढायला त्यांनीच शिकवलं. दुसरी माझी मैत्रीण, आमच्याच मजल्यावरची, तीन दारं सोडून. तिसरी मी. आणि चौथी ही गिरगावची, चारच महिन्यांपूर्वी आलेली, दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी. भायखळ्याच्या बाजारात भाजी उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो काकांच्या ओळखीचा होता. सायकली त्यात आडव्या टाकायच्या, आपण कोबीच्या पानांवर बसायचं आणि उजाडताना घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, ही आमची पद्धत.

त्या दिवशी टेम्पोतच माझं डोकं फिरलं. मैत्रिणीची आई दर वेळी घावणे देते, गूळखोबरं घालून. सहा घावणे. दोन काकांना, दोन तिला, दोन मला. चौथी आल्यापासून वाटणी बदलली होती, ते मी समजून घेतलं होतं. पण त्या दिवशी मैत्रिणीने स्वतःचा दुसरा घावणाही तिला दिला आणि वर म्हणाली, "खा गं, तुझं काय, घरी सगळं बेकरीचंच." दोघी हसल्या. असलं बोलणं ती माझ्याशी करते. वीस वर्षं करते आहे.

मग गिरगावची माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं फुटपाथवालं पत्रक वाचलं. जोरदार आहे. उद्गारचिन्हं जरा कमी कर ना." तिने चांगल्या मनाने सांगितलं होतं आणि तिचं खरंही होतं. मी मोजली नव्हती, पण पहिल्या चार ओळींत चार असतील. मला लागलं ते वेगळंच. मैत्रीण खो खो हसली. माझं प्रत्येक पत्रक सगळ्यात आधी तीच वाचते, आणि आजवर एका शब्दाने बोलली नव्हती.

घाट चढताना तर विचारूच नका. माझी सायकल नवी, गिअर हलके. गिरगावच्या मुलीची तिच्या मामाने वापरून टाकलेली, साखळी करकरणारी. तरी ती काकांच्या बरोबरीने वर गेली, गप्पा मारत. मी मागून तिची ती साखळी ऐकत होते आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता तुटेल. तुटावी असंच वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

वर पठारावर समोरून वारा लागला. अशा वाऱ्यात आम्ही एका रांगेत चालवतो, चाकामागे चाक, मध्ये हातभर अंतर. पुढचीने वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांना आडोसा मिळतो, दमली की दुसरीने पुढे यायचं. मागचीला रस्ता दिसत नाही, पुढचीची पाठ तेवढी दिसते. म्हणून खड्डा दिसला की पुढचीने हात पाठीमागे न्यायचा आणि बोटाने दाखवायचा. मागचीने तीच खूण आपल्या मागे द्यायची. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रांगेत पुढे असाल तोवर तुमचे डोळे तुमच्या एकटीचे नाहीत.

माझी पुढे जायची पाळी आली. माझ्या चाकामागे माझी मैत्रीण असते, कायम. मी पुढे आले, मागे तिची वाट बघितली, आणि तिचा आवाज ऐकू आला, पण माझ्यासाठी नव्हता. ती गिरगावचीला म्हणत होती, "माझ्या जागी ये तू. हिच्यामागे वारा लागतच नाही."

माझ्या जागी ये. इतक्या सहज.

वडाच्या सावलीत खड्डा होता. मला वीसेक फुटांवरूनच दिसला. कडा तुटलेल्या, आत खडी. मी हँडल थोडं वळवलं आणि बाजूने निघून गेले. डावा हात हँडलवरून सुटला होता, हे मला पक्कं आठवतं. पाठीमागे गेला नाही. परत हँडलवर आला. मी विसरले नव्हते. माझ्या मनात एवढंच होतं की हिला एक दणका बसू दे, ही मागे पडू दे, हिची जागा हिला कळू दे. हाड मोडेल असं वाटलं नव्हतं, पण हा काही बचाव नाही. तिच्या मागे माझी मैत्रीणच होती. ती कशीबशी वाचली. तिचा तर मला विचारही आला नव्हता.

करकर थांबली आणि धातू डांबरावर घासल्याचा आवाज आला.

काका शेवटी होते. सायकल टाकून धावत आले. तिचा उजवा खांदा बघितला, मग माझ्याकडे बघून त्यांच्या मालवणीत हळूच विचारलं, "हात केलंस मां गो?"

मी म्हणाले, "दिसलाच नाही, काका."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. एका पिकअपवाल्याने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून बाहेर आली तेव्हा काकांनी तिला मायेनेच समजावलं की नवीन माणूस चाकाला फार चिकटतो, जरा लांब राहायला हवं. ती मान हलवत राहिली. चूक तिचीच, असं तिने दोनदा म्हटलं. मी तिची पाण्याची बाटली धरून शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण दारात आली. म्हणाली, या खड्ड्यावर लिही, तुझ्यासारखं कोणाला जमणार? अर्ध्या तासात लिहिलं. दुसरी ओळ होती, 'खड्डा कोणालाच दिसला नाही.' आम्ही ते लालबाग, परळ, दादरला वाटलं, सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर टाकलं. लोकांना आवडलं. मैत्रीण आठवडाभर संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली, पूर्वीसारखी. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मी ते उपभोगलं. हेही लिहून ठेवते.

मग एकदा गिरगावला तिला बघायला गेले. डाव्या हाताने वहीत शाळेसाठी चित्रं काढायचा प्रयत्न चालला होता. जिन्याखाली तिची सायकल, तिला 'विकणे आहे' अशी चिठ्ठी. ती म्हणाली की तिला रांगेत चालवणं जमणार नाही, तिच्यामुळे उद्या दुसरं कोणी पडेल. मग माझं पत्रक उशीखालून काढलं. "छान लिहिलंयस. एकही उद्गारचिन्ह नाही."

तिथे मी सांगितलं. खड्डा दिसला होता, हात केला नाही, मुद्दाम. का, तेही सांगितलं, घावण्यापासून.

तिने वही मिटली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मग हे छाप. पहिलं जिथे जिथे वाटलंस, तिथे तिथे."

काकांना आणि मैत्रिणीला मी त्याच दिवशी सांगितलं. काका अजून बोलत नाहीत. मैत्रीण बोलते, कामापुरतं. रविवारी डबा घेऊन ती गिरगावला जाते. किती घावणे नेते, ते मी दाराच्या फटीतून बघते. जळतेच अजून. सायकलवरची चिठ्ठी निघाली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क माझा नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडे. आमचं पत्रक तुमच्या घरात, फोनमध्ये, सोसायटीच्या फळ्यावर कुठेही असेल तर शोधा. दुसरी ओळ खोडा. तिच्यावर लिहा: 'पुढच्या मुलीला खड्डा दिसला होता. तिने हात केला नाही. मागच्या मुलीची चूक नव्हती.' खालची खड्डा बुजवण्याची मागणी तशीच ठेवा, तो खड्डा अजून तिथेच आहे. पण आधी ती ओळ खोडा. आज खोडा.