बंद कर रे ते

राणीबाई चिडल्या की आधी माईक बंद करायला लावायच्या. जत्रेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली की वग थांबवून म्हणायच्या, "बंद कर रे ते." त्यांच्या तमाशा फडात माईक-स्पीकर माझ्याकडे असायचा. मी बटण फिरवायचो. मग त्या साध्या आवाजात पुढचं वाक्य बोलायच्या, आणि ते ऐकायला सगळा तंबू गप्प व्हायचा. शेवटच्या रांगेतल्या पावण्यालाही शब्दन् शब्द ऐकू जायचा.

वगात कायम राणी, म्हणून राणीबाई. वगाची गोष्ट ठरलेली असायची, बोलणं मात्र ज्याचं त्याचं. "पाठ करून बोललं की मला माझंच खोटं वाटतं," त्या म्हणायच्या. पावसाळ्यात फड बंद असला की त्या वारूळवाडीला राहायच्या. शेजारची म्हातारी तक्रार करायची, "बाई, तुमी शेळीला हाक मारता आन् माझी सून उठून उभी राहती."

नव्वदच्या दशकात जुन्नरजवळ एका सिनेमाचं शूटिंग झालं. त्यात राणीबाईंना नायकाच्या आईचं काम मिळालं. मुलाला पोलीस ओढून नेतात तेव्हा त्या आपल्या मनानं जे बोलल्या, त्यावर दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. डबिंगला पुण्याला बोलावतो म्हणाला. बाईंनी त्या दिवसापासून मिरची सोडली, आवाज बसायला नको म्हणून. बोलावणं काही आलं नाही.

आला तो थेट सिनेमाच. आंबेगाव तालुक्यातल्या एका जत्रेत आमच्या फडाशेजारी तंबूतला सिनेमा लागला होता. बाई फडातल्या सगळ्या बायका घेऊन पुढं बसल्या. पडद्यावर त्यांचं तोंड उघडलं आणि भलत्याच बाईचा बारीक, धुतलेला आवाज आला, "माझ्या मुलाला सोडा हो."

माझं डोकं सणकलं. बाई उठल्या, पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बंद कर रे ते." मशीनवाल्याला बाजूला सारून मी आवाज बंद केला. पडद्यावरच्या ओठांबरोबर त्या बोलल्या, "सोड माझ्या पोराला. हात लावायचा आसंल तर आदी मला लाव." एकही शिट्टी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याच्या बूथवरून मी सिनेमावाल्यांना फोन लावला. एक जण म्हणाला, "आवाज फार गावठी होता हो. लोकांना चालत नाही." कुठल्या लोकांना? तंबूत मातीत बसून ऐकणारे ते लोक नव्हते का? त्या माणसाचा मला आजही संताप येतो. राणीबाई एवढंच म्हणाल्या, "तोंड माझं चाललं, आवाज न्हाई. आसं कसं रं भाऊ?" पुन्हा त्या सिनेमाच्या वाटेला गेल्या नाहीत.

काही वर्षांनी त्या वारल्या. जुन्नरला शोकसभा झाली. जन्मात कधी फडाच्या तंबूत पाय न ठेवलेल्यांनी त्यांना "थोर सिनेअभिनेत्री" केलं आणि मोठ्या पडद्यावर तोच प्रसंग लावला. पुन्हा तोच बारीक आवाज. मी उठलो आणि सरळ जाऊन स्पीकर बंद केला.

"आवाज गेला वाटतं," पुढून कुणीतरी म्हणालं. मग सगळं सभागृह गप्प झालं, अगदी पूर्वी तंबू व्हायचा तसं. पडद्यावर राणीबाईंचे ओठ हलत होते, आणि पुढचं वाक्य बोलायला कुणी नव्हतं.