डाव्या हाताचा कानोसा

ब्लाझेना फेब्रुवारीत गेली, आणि एप्रिल लागला तशी दुपारी दोनच्या सुमाराला तिची टकटक परत ऐकू यायला लागली.

ओल्दा रेझेक तेव्हा पलंगावर आडवा झालेला असायचा. चेक देशातल्या चेस्का त्रेबोवाच्या जंक्शनवर एकतीस वर्षं रात्रपाळीत गाड्या सोडल्या, त्यामुळे दुपारची झोप हाडात मुरलेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दोन वाजले की डोळे मिटायचे. आता डोळे मिटले की टक, टकटक, टक. उठून शेजारच्या खोलीत जावं तर तिथे कुणी नाही. डिजिटल पियानोवर झाकण, झाकणावर तिचे हेडफोन, हेडफोनवर धूळ. पहिल्या दिवशी त्याने स्वतःलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची गोळी घेतली नाही, म्हटलं तिचाच परिणाम असेल. तिसऱ्या दिवशी मात्र तो दाराची चौकट धरून म्हणाला, "ब्लाझेनो, असं छळू नकोस गं."

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला बोल लावाल.

बोल लावण्यासारखं एकच वाक्य तो आयुष्यात बोलला. लग्नाचं नववं वर्ष. ब्लाझेनाकडे आईचा जुना लाकडी पियानो होता आणि तो वाजला की अख्खी इमारत दणाणायची. इमारत तरी कसली, काँक्रीटच्या पाट्या जोडून केलेली पेटी. वरचा शिंकला तर खालच्याने नाक पुसावं. ती वाजवायची ते तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. आसपासच्या खेड्यांतले शाळामास्तर रविवारी चर्चमध्ये वाजवायचे, त्यांनी हाताने उतरवलेल्या वह्या. कुणाचं नाव नाही, गाव नाही, नुसते सूर. संग्रहालयात बसून ती त्या वह्या नकलून आणायची. तर एका दुपारी रात्रपाळीचा ओल्दा झोपेतून उठला, आतल्या कपड्यांनिशी दारात आला आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा मालगाडी बरी. तिला निदान शेवटचा डबा तरी असतो."

ती हसली. त्यालाही वाक्य इतकं आवडलं की संध्याकाळी बिअर पिताना चारचौघांत सांगितलं, आणि सगळे टेबल बडवून हसले.

महिन्याभरात जुना पियानो विकला गेला आणि डिजिटल आला, हेडफोनसकट. सूर सगळे तिच्या कानात. बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक, कुणी वाटाणे सोलून परातीत टाकावेत तशी. ओल्दाला वाटलं, काय समजूतदार बायको मिळाली. गाढव कुठला.

बावीस वर्षं. एका छपराखाली, एका भिंतीआड, आणि त्याने तिचं वाजवणं एकदाही ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर वाटायचं, म्हणावं, "मलाही ऐकव की." पण कोणत्या तोंडाने म्हणणार? मग तो काय करायचा, तर दुपारी झोपमोड झाली की मोज्यांवर चालत तिच्या बंद दाराशी जाऊन उभा राहायचा. टकटक ऐकायचा. एका संथ तुकड्यात एका ठिकाणी ती टकटक थबकायची. आपली चाहूल लागली, तिला राग आला, असं वाटून तो चवड्यांवर मागे फिरायचा आणि अंगावर पांघरूण ओढून घ्यायचा. साठी उलटलेला माणूस, आणि मुरंब्यात बोट घालताना सापडलेल्या पोरासारखा.

ती गेल्यावर तिचा फोन वाजत राहिला तेव्हा कळलं की ऐकणारे होते. पियानोतून रेकॉर्ड केलेले त्रेसष्ट तुकडे तिने इंटरनेटवर ठेवले होते, "तिसऱ्या मजल्यावरची" या नावाने. कुठली कुठली माणसं ऐकत होती, आभार मानत होती. फोन सगळं चेक भाषेत करून दाखवायचा. कॅनडातल्या एकाने विचारलं होतं, "'बी' या सुराच्या आधी तुम्ही जो क्षणभर थांबता, तसं दुसरं कुणी थांबत नाही. मूळ वहीत तसं लिहिलंय का? कृपया सांगाल?"

ओल्दाने एकही तुकडा ऐकला नाही. अंगठा न्यायचा, परत आणायचा. तिने आपल्याला ऐकवलं नाही ते आता चोरून कसं ऐकायचं? पण तिला विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर आपण द्यावं, एवढं तरी करावं, हे मात्र त्याच्या मनाने घेतलं. रेल्वेच्या बँडमध्ये तो तुतारी वाजवायचा, स्वरलिपी वाचता यायची. त्याने तिची वही काढली, चष्मा पुसून दोनदा तपासली आणि कळवलं, "आपण चुकताय. या तुकड्यात 'बी' कुठेच नाही."

चौथ्या दिवशी टकटक सुरू झाली तेव्हा त्याचा हात सहज खालच्या घरातून वर येणाऱ्या हीटरच्या नळीला लागला. नळी थरथरत होती. भुताला नळी कशाला लागते? तो तसाच जिना उतरून खाली गेला.

खाली श्तेपान्काबाई राहायच्या, वय वर्षं एक्याऐंशी, जीभ सोळाची. दार उघडताच म्हणाल्या, "बूट काढ. त्या चपला घाल. तोंड का असं? खसखशीचे बन केलेत, खा." स्वयंपाकघराचं टेबल नळीला टेकलेलं, आणि टेबलावर दोन लाकडी चमचे.

"हे तुम्ही वाजवताय?" ओल्दा म्हणाला.

"मग कोण, तुझी मालगाडी?"

ओल्दाचा चेहरा पडला. त्या काँक्रीटच्या पेटीत तेव्हाचं ते वाक्य खालीही गेलं होतं तर.

"बावीस वर्षं डोक्यावर हे ऐकत बटाटे सोलले मी," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीपासून वर नुसता शुकशुकाट. जेवण पचेना. म्हटलं, कुणीच नाही तर आपणच वाजवावं."

"सूर न ऐकता?"

"सूर कशाला लागतात? ठोके पाठ आहेत. हा घे, हा तिचा लाडका."

उजवा चमचा, डावा चमचा, संथ तीन मात्रांत चालू लागले. ओल्दाने ओळखला. पुढे काय येणार ते त्याच्या अंगाला ठाऊक होतं. चमचे थबकले, आणि त्याने सवयीने श्वास रोखला.

"इथे का थांबलात?"

"ती थांबायची म्हणून."

"कॅनडातला एकजण हेच विचारतोय. म्हणतो, 'बी'च्या आधी. मी कळवलं, 'बी' नाहीच म्हणून."

श्तेपान्काबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आपण ज्याला 'हा' म्हणतो त्या सुराला ते लोक 'बी' म्हणतात. त्यांचं 'बी' अक्षर आपण 'बे' वाचतो, आणि आपला 'बे' म्हणजे त्याच्या शेजारची काळी पट्टी. चर्चच्या गायनात पन्नास वर्षं काढली मी, विचारायचं तरी. निघाला कॅनडाला शिकवायला."

"बरं, चुकलो. मग 'हा'च्या आधी का थांबायची? वहीत तसं काहीच नाही."

त्यांनी चमचे खाली ठेवले. "तुला खरंच ठाऊक नाही?"

"नाही."

"मी तिला एकदा जिन्यात विचारलं होतं. म्हटलं, ब्लाझेन्का, रोज तिथेच अडतेस, अवघड आहे का गं ते? तर म्हणाली, 'अवघड नाही हो. तिथे डाव्या हाताला काम नसतं. तेवढ्यात हेडफोनचा एक कान उचलून कानोसा घेते, ओल्दाची झोप मोडली का ते.'"

ओल्दाने हातातला बन टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पण मागची सहा वर्षं मला रात्रपाळी नव्हती."

"तेही विचारलं मी. म्हटलं, आता कसला कानोसा घेतेस? तर म्हणे, 'आता वेगळा घेते. वाटतं, आज तरी दाराशी आला असेल.'"

"आलेलो असायचो हो," ओल्दा म्हणाला. "दारापलीकडेच असायचो. ती थांबली की पळायचो."

श्तेपान्काबाईंनी बन कागदात गुंडाळले. म्हणाल्या, "एकाहून एक शहाणे. वर जा आता. आणि ते बन ने बरोबर."

वर येऊन त्याने पियानोवरची धूळ पुसली. प्रत्येक तुकडा आधी पियानोच्याच पोटात साठवलेला होता. आकडे तिने कागदावर लिहून चिकटवले होते, टापटिपीने. त्याने हेडफोनची वायर उपसली, आकडा दाबला आणि सुरुवातीचे सूर निघाले तसा खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतलं. मोज्यांवर उभा राहिला.

एवढं साधं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एक हात बोलत होता, दुसरा हुंकार भरत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्याने पुसलं नाही. ही माझ्या घरात वाजवत होती, बावीस वर्षं, आणि मी झोपलो होतो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

मग ती जागा आली. सूर थबकले.

ओल्दाचे पाय आपोआप पलंगाकडे वळले. त्याने ते आवरले, दाराची मूठ दाबली आणि दार सताड उघडलं.

"आलो गं," तो म्हणाला.

खुर्ची रिकामी होती. पट्ट्या हलत नव्हत्या. तिच्या कानोशाचा तो क्षण त्याच्या अंदाजापेक्षा बराच लांब होता. कुणाला दाराशी येऊन उभं राहायला पुरेल इतका. मग डावा हात परत खाली आला आणि कुणीच आलं नाही असं समजून ती पुढे वाजवत राहिली.