पुसायचं एक, पुसलं दुसरंच

सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता. रविवारी सकाळी, मलकपेठच्या आमच्या घरात, मी त्यांची आठ महिन्यांची मेहनत एका कमांडीत पुसून बसले होते.

कोठी भागातल्या एका धर्मादाय दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी हौसेनं सांभाळते. सर्व्हर एकच, त्यावर दोन कंटेनर, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरचे दोन स्वतंत्र कप्पे: एक चाचणीचा, एक खरा. एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत तसं, दार वेगळं, चूल वेगळी. सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. दवाखान्याची वाळवी लागलेली जुनी रुग्णकार्डं घरी आणून ते दोन बोटांनी टाइप करायचे. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, हेही त्यात असायचं. भरून झालेली कार्डं टाकून दिली होती.

त्या दिवशी मला चाचणीचा कंटेनर डेटासकट उडवून नवा करायचा होता. दोन खिडक्या शेजारीशेजारी उघड्या, आणि मी शहाणी, खऱ्याच्या खिडकीत कमांड मारली. बॅकअप पाहिला, तर तो केव्हाचाच बंद. डिस्क भरल्याच्या मेल येत होत्या, त्या मी न वाचताच बाजूला सारत होते. ऑफिसात बॅकअपवर भाषण ठोकण्यात मात्र माझा हात कुणी धरत नाही.

मग जे मनात आलं ते सांगायची लाज वाटते. अख्खा सर्व्हरच साफ करावा आणि डिस्क गेली म्हणून सांगावं. डिस्क थोडीच साक्ष द्यायला येते. कमांड लिहिलीसुद्धा, एंटर तेवढा दाबायचा राहिला होता.

तेवढ्यात सासरे चष्मा पुसत आले. "चहा झाला का गं?"

त्यांच्याकडे पाहून खोटं बोलवेना. "बाबा, तुम्ही भरलेलं सगळं गेलं. माझ्या हातानं गेलं," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

ते खुर्चीत बसले. चष्मा लावून म्हणाले, "दोन्हीकडचं गेलं?"

"दोन्हीकडचं म्हणजे?"

"अगं, मी आधी चाचणीत भरतो. संध्याकाळी कार्डाशी ताडून चुका दुरुस्त करतो, मग खऱ्यात. कचेरीत नोकरीभर हेच केलं. आधी कच्चा मसुदा, मग साफ नक्कल. औषधाचा मामला आहे बेटा, माझ्या डोळ्यांचा काय भरवसा?"

चाचणीचा कंटेनर मी कधी उघडून बघतच नव्हते. उघडला. सगळे रुग्ण तिथं होते, न सोसणाऱ्या औषधांसकट. माझा जीव भांड्यात पडला. दुपारपर्यंत सगळं खऱ्यात नेलं, बॅकअप दुसऱ्या मशीनवर घेतला. सासरे शेजारी बसून नोंदी ताडत होते. मला उठूही देईनात.

जेवताना इतकं हलकं वाटत होतं की त्या डिस्कच्या थापेबद्दलही सांगून टाकलं. सर्व्हर साफ केला असता, तर कच्चा मसुदाही माझ्याच हातानं गेला असता.

सासरे भात कालवता कालवता थांबले.

"आणि डिस्क गेली, हे मी खरं मानलं असतं," ते म्हणाले. "तू सांगितलं असतंस ना."