सासूबाईंच्या मापाची चप्पल

सासूबाईंची चप्पल तुटली ती आमच्या कॉलनीच्या बगिच्यात. गोंदियाच्या एका टोकाला, रेल्वेलाइनच्या पलीकडे आमची कॉलनी आहे. पूर्वी तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं होती. आता डांबरी रस्ता आहे, पाण्याची टाकी आहे आणि बगिच्यात नगरपरिषदेने व्यायामाची यंत्रं बसवली आहेत. सासूबाई दवनीवाड्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्या यंत्रांवर त्यांचा डोळा होता. एक दिवस त्या पाय झुलवायच्या यंत्रावर चढल्या. चार-पाच झोके झाले आणि डाव्या चपलेचा पट्टा तटकन तुटला.

बगिच्याच्या फाटकाशी मोची बसतो. त्याने चप्पल उलटीसुलटी करून पाहिली. "माताजी, इसमें अब सुई डालने की जगह नहीं बची," असं म्हणून त्याने ती परत दिली. मग काय, बाजाराला निघालो.

मी गोंदियात जन्मलेली. इथला बाजार मला पाठ आहे, असा माझा समज होता. पण ऑटोवाल्याला मी पत्ता सांगण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "बर्फाच्या कारखान्यापाशी घे."

"कौनसा कारखाना?" तो पोरगेला ऑटोवाला गोंधळला.

"टॉकीजच्या मागचा."

टॉकीज पडून तिथे साड्यांचं दुकान झालं, तेही मग मोबाइलवाल्याने घेतलं. बर्फाचा कारखाना तर मीही कधी पाहिलेला नव्हता. वाटेत त्यांनी मला माझंच गाव दाखवलं. लग्नाचं लॉन आहे तिथे राइस मिल होती, भोंगा झाला की बायका लाइनीपलीकडून चालत यायच्या. बँकेच्या जागी बैलगाड्या सुटायच्या. लहान असताना वडिलांबरोबर धान विकायला आलेल्या सासूबाईंनी तिथेच पहिल्यांदा बर्फाचा गोळा खाल्ला आणि तो गारठा दातांना सोसेना म्हणून त्या रडल्या होत्या. ऑटोवाला आरशातून ऐकत होता. उतरताना म्हणाला, "माताजी, आपके टाइम में तो मैं रोज रास्ता भूलता."

पहिल्या दुकानात पोराने डब्यांचा ढीग लावला. एकही चप्पल पुढच्या भागात शिरेना. वर्षानुवर्षं चिखलात धानाची रोपं लावून सासूबाईंचे पाय पसरट झालेले, बोटं चांगली मोकळी फाकलेली. दुसऱ्या दुकानात मालक म्हणाला, "पहनते-पहनते ढीली हो जाएगी."

"ढिली होयेपर्यंत माहे पाय कुठं ठेवू?" सासूबाईंनी विचारलं. मालकाने डबा बंद केला.

तिसऱ्या दुकानात त्यांना टाच उंच असलेली, मोत्यांची चप्पल दाखवली. त्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आवडली. मग म्हणाल्या, "हे घालून मी काऊन पडू वो?"

ऊन चढलं तसं मी त्यांना नव्या मॉलमध्ये नेलं. तिथे गार हवा होती आणि चपलांच्या विभागात मऊ सोफा होता. सासूबाई त्यावर मांडी घालून बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. तिथली विक्रेती देवरीकडची निघाली. सासूबाईंची बोली कानावर पडताच ती हिंदी सोडून त्यांच्यासारखंच बोलायला लागली. चप्पल बाजूला राहिली. देवरीकडे यंदा मोहफुलं कशी झाली, तिच्या आईचे गुडघे कसे दुखतात, सगळं बोलून झालं. मी ताटकळत उभी.

शेवटी सासूबाईंनी समोरच्या रॅककडे बोट दाखवलं. "ते दे."

"आजी, ते माणसांचे आहे," पोरगी म्हणाली. माणसांचे म्हणजे पुरुषांचे.

"मंग? मी का म्हैस आहो?"

मी ओशाळले. पोरीला हसू आवरेना. तिने तपकिरी रंगाची, रुंद पट्ट्यांची पुरुषी चप्पल आणून त्यांच्या पायात घातली. पाचही बोटं आत नीट मावली. सासूबाई उठल्या, आरशापर्यंत गेल्या, वळल्या, पुन्हा गेल्या. चेहरा असा, जणू पायांना पहिल्यांदाच कुणी ऐसपैस बसायला जागा दिली होती.

"आई, लोक काय म्हणतील?" मी हळूच विचारलं.

"लोक पायाकडं पायतील तं म्हणतील. वर तं मीच आहो."

जुनी चप्पल तिथेच टाकून, नवी पायात घालूनच त्या बाहेर पडल्या.

बगिच्यातल्या बायका आधी हसल्या. मग त्यातल्या एकीने विचारलं, "जरा घालून बघू का?" आमच्या कॉलनीत निम्म्या घरांतल्या आज्या खेड्यातून आलेल्या, सगळ्यांचे पाय त्याच चिखलातले आणि सगळ्या अरुंद चपलांत कण्हत चालणाऱ्या. पुढच्या आठवड्यात सासूबाई दोघींना घेऊन मॉलमध्ये गेल्या. नंतर आणखी तिघींना. देवरीची पोरगी आता त्यांना बघताच पुरुषांच्या रॅककडे वळते.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आतल्या खोलीत बायका, दाराबाहेर रुंद तपकिरी चपलांची रांग. पार्सल घेऊन आलेला कुरिअरवाला ती रांग बघून दारातच थबकला आणि मला हळू आवाजात विचारू लागला, "मैडम, साहब लोगों की मीटिंग चल रही है क्या?"