नानांनी न घेतलेलं नाव

मेडशीहून पुतण्याचा फोन आला, "काका, नाना गेले." मी विचारलं, "नाना का आबा?" प्रश्न वाईट होता, पण आमच्यापैकी कोणीही तोच विचारला असता. नाना माझे चुलतभाऊ आणि आबा त्यांचे सख्खे थोरले. आबांची स्मृती जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते खाटेवरच असत. नाना मात्र परवापर्यंत सोयाबीनच्या गंजीवर चढत होते…

आमच्या भावकीत 'आबा' हे एका माणसाचं नाव नाही. जो सगळ्यांत वडील, तो आबा. तो गेला की नाव पुढच्याकडे जातं. आबांचं भान हरपलं तशी शेती, सोयरिकी, भांडणं सोडवणं, सगळं नानांच्या गळ्यात पडलं आणि लोक त्यांनाच आबा म्हणू लागले. नाना त्या हाकेला वळूनही पाहत नसत. कोणी फारच लावून धरलं तर म्हणत, "आबा जिते हायेत नं घरात. मले कायले म्हनता?"

मी मराठीचा निवृत्त मास्तर, म्हणून एकदा त्यांनी मला विचारलं, हा शब्द आला कुठून? मी म्हणालो, पोथीतून नसावा. आबा, बाबा हे तान्ह्या लेकराच्या ओठांतून आपसूक निघणारे आवाज, तेच मोठ्यांना चिकटले असावेत. नाना हसले. "म्हनजे पोट्ट्यायनं देल्लं नाव हाये. मंग मानसानं थे मांगून कायले घ्यावं?" पुढे सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, पण ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

नानांच्या नातीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नवरदेवाला पहिला टिळा घरच्या वडीलधाऱ्यानं लावायचा होता. पाहुणे म्हणाले, "तुमीच लावा नाना, आबाइले काय समजते?" नाना उठले, आबांना धरून बाहेर आणलं आणि त्यांचं बोट कुंकवात टेकवलं. आबांनी ते बोट उचललं आणि नवरदेवाऐवजी शेजारी वाकलेल्या नानांच्याच कपाळाला लावलं. मंडपात खसखस पिकली. नानांनी 'दादा' म्हणत भावाच्या पायांवर डोकं ठेवलं, मग तोच हात धरून नवरदेवाकडे वळवला. मला थोरला भाऊ नाही. त्या वेळी मला नानांचा हेवा वाटला.

तेरवीला पंगत बसायच्या वेळी पुतण्या जवळ आला. "काका, आता तुमीच पाहा सारं. पोरं तुमाले आबा म्हनतीन." वयानं क्रम माझाच होता. मी आबांचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेलो. नाना गेल्याचं त्यांना कळत नव्हतं. पहिला घास मी पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. मग माझ्याकडे पाहत विचारलं,

"नाना, तू जेवला काय रे?"

"हो दादा, जेवलो."

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. बाहेर पंगत माझ्यासाठी थांबली होती.